शेरा

सिंदेवाहीच्या सरकारी कॉलेजात
माहितीशास्त्राला आम्ही अकरा जण
आणि चालू संगणक चार.
पाचव्यावर मडावीकाका डबा ठेवतात.

खोब्रागडे मॅडम सांगतात,
प्रत्येक पुस्तकाला एकच जागा, एकच क्रमांक;
माणूस नसला तरी पुस्तक सापडलं पाहिजे.
मी हे वाक्य वहीत दोनदा लिहिलं.
दुसऱ्यांदा कशाला, माहीत नाही.

मग लाईन गेली,
माझी अर्धी नोंद घेऊन.

नवरगावहून एक मुलगा आला सायकलनं.
बोडीतल्या मासोळ्यांचं पुस्तक आहे का,
नाव ठाऊक नाही, म्हणाला.

काका स्टुलावरून उठले, चप्पल न घालता.
"थे हिरव्या पाठीचं का? मागच्या साली
ढिवरमोहल्ल्यातल्या पोरानं नेलं होतं.
सत्तेचाळीसचं पान नाही त्यात. बाकी आहे."
अंधारात हात सरळ गेला, खालून दुसऱ्या फळीवर,
घरच्या मिठाच्या डब्यावर जावा तसा.

लाईन आली तेव्हा साडेचार वाजले होते.
मी पुन्हा भरलं :
पृष्ठे दोनशे बारा.
खोडलं. दोनशे दहा.
विषय, मत्स्यपालन.
शेऱ्याच्या चौकटीत पन्नासच अक्षरं मावतात.
ढिवरमोहल्ला लिहितानाच दहा-बारा संपली,
पोर तर अजून आलंच नव्हतं.

काका येत्या मार्चात रिटायर होतात.
मी विचारलं, मॅडम,
यांना कोणता क्रमांक द्यायचा?

मला वाटलं हसतील.
त्यांनी काकांच्या डब्याकडे पाहिलं,
आणि खुर्ची माझ्या संगणकापाशी ओढली.
"पन्नासात बसव," म्हणाल्या,
"नाही बसलं, तर चौकट वाढवू."