उडी मारली की

आमागासाकीत, नटबोल्टच्या कारखान्याच्या वर
आमची कंपनी : सहा माणसं, एक पंखा,
आणि तागुची-सानांनी पियानोवर बसवून आणलेलं
समुद्राचं गाणं. दहा बोटांचं.
म्हणाले, "हिसाए, हे चिपमध्ये बसव."

चिपमध्ये आवाज चार.
दोन चौकोनी, नाकात बोलणारे, सख्खे भाऊ.
एक त्रिकोणी, खाली घुमणारा. त्याला हळू बोलता येत नाही,
बोलला तर पूर्ण, नाहीतर गप्प.
माझे सासरे असेच होते.
चौथी नुसती खरखर.
तिच्यातूनच ढोल काढायचा
आणि लाटही तिच्यातूनच.

आधी पंचम काढले.
पंचम गेल्याचं सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही,
लग्नाच्या पंगतीतून एखादा सभ्य माणूस
न सांगता उठून गेल्यासारखं.
गंधाराला हात लावला नाही.
गंधार गेला की घर हसतंय की रडतंय
ते दारातून कळत नाही.

मग तीन सूर मिळून धाकट्या भावाच्या अंगावर टाकले.
तो धावतो तिघांमध्ये, सेकंदाला साठ पावलं,
तीन चुलींवर तीन भांडी सांभाळणाऱ्या बाईसारखा,
आणि कान, बापडा, समजतो
तिघं एकत्र गातायत.

"जरा घुमारा हवा," तागुची-सान म्हणाले, "गुहेतल्यासारखा."
घुमारा मिळत नाही. गुहा तर नाहीच.
मोठा जिथे श्वास घेतो तिथे
धाकट्याकडून तोच सूर
उशिरा, दबक्या आवाजात म्हणवून घेतला.
भिंत नसताना प्रतिध्वनी.
त्या रात्री मी स्वतःवर इतकी खूश होते
की शेवटची गाडी चुकली.

मेमरी नागातोशीच्या हातात.
तोही मापारी, काट्यावर बोट न ठेवता तोलणारा.
"नऊशे बाइट. मागच्या खेळाला आठशेच दिले होते."
जाताजाता सहज म्हणाला,
"आणि हो, उडीचा आवाज धाकट्यावर टाकलाय."

म्हणजे उडी मारली की
माझा गंधार गेला, प्रतिध्वनी गेला,
त्या जागी : ट्युप्.
आणि मुलं तर
जिन्यावरही उड्याच मारतात.

आठवडाभर मी कोणाशी बोलले नाही.
बार्लीचा चहा पीत पुन्हा सगळं मांडलं.
जे जपायचं ते मोठ्याकडे,
धाकट्याकडे असं
की ते मधेच ओढून नेलं तरी छप्पर कोसळू नये.
कामाला काम म्हणून बरं झालं.

फक्त तिसऱ्या टप्प्यात एक धक्का आहे.
तिथे शत्रू नाही, नाणं नाही,
उडी मारून हाताला लागेल असं काहीच नाही.
तिथे धाकट्याला मी सोळा मात्रांची एक ओळ दिली.
तागुची-सानांच्या गाण्यात ती नाही.
माझी आहे.
नागातोशीने आकडे पाहिले.
"एकतीस बाइट! इथे थांबणार कोण? घड्याळ चालू असतं."
मी म्हटलं, "कोणी नाही."
त्याने दिले. का, ते विचारलं नाही.

खेळाच्या डब्यात एक पोस्टकार्ड असे :
काय आवडलं, काय नाही, वय किती.
शेकडो आली. आवडली तलवार. आवडला खेकडा.
मार्च महिन्यात एक साकाइमिनातोहून,
वय नऊ, पेन्सिलीने, अक्षरं कार्डाबाहेर जाणारी :

"आईने वाळत घातलेले स्क्विड आत आणायला बोलावलं.
परत आले तर तो धक्क्यावर तसाच उभा होता
आणि एक आणखी कोणीतरी गात होतं.
मग वेळ संपून तो मेला.
आता मी त्याला रोज एकदा
तिथे नेऊन मारते."