पाऊणकी

सोहार. रात्रीचे पावणेदहा.
टाइम-ऑफिसच्या कंटेनरमध्ये एसी खोकतोय,
आणि लियाकत हुर्जुक चपला बाहेर काढून दारात उभा.
कितीदा सांगितलं, चपलेनं आत ये. ऐकत नाही.
हातात चार घड्यांचं पत्र : फोरमन,
वर्षाला तीन हजार रियाल, ओव्हरटाइम नाही.
"आता तासाला नऊशे बैसा. बघा जरा,
जास्त कुठलं."

अकरा वर्षं मी टाइमकीपर.
कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला, पेन्सिल घेतली;
हातानं मांडलेलं समोरच्याला पटतं.

आठ तास साधे : सात रियाल दोनशे.
पुढचे दोन सव्वापटीनं : दोन रियाल अडीचशे.
दिवसाचे नऊ रियाल साडेचारशे बैसा.
महिन्याला सव्वीस दिवस, बारा महिने,
मध्ये ताप न येता, वाळूचं वादळ न येता,
गावाकडे कुणी न मरता,
दोन हजार नऊशे अठ्ठेचाळीस, वर चारशे बैसा.

"पगार जास्त. एक्कावन्न रियाल सहाशेनं."
"बस धरलीत?"

बस धरली नव्हती.
पहाटे साडेचारला कॅम्प सुटतो,
संध्याकाळी साडेसहाला परत येतो.
बसला, गेटच्या रांगेला, डब्याच्या तासाला
माझ्या तक्त्यात रकाना नाही.
चौदा तास, मग. नऊ हजार चारशे पन्नास भागिले चौदा.
सहाशे पंचाहत्तर.
बाकी शून्य.

नऊशेची पाऊणकी, बरोब्बर.
वडील जैतापूरच्या शाळेत उभे राहून म्हणायचे
पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी.
मला वाटायचं, इतकं तोडून कोण मोजतं?

आकडा नि:शेष भागला.
घरचं काही भागत नाही,
आणि हा पहाटे साडेतीनपासून जागा,
भागून, दाराच्या चौकटीला टेकलेला.

मग उगाच, त्याला बरं वाटावं म्हणून,
केळुसकर साहेबांचं मांडलं, प्लॅनिंगवाल्यांचं.
वर्षाला नऊ हजार तीनशे साठ.
करारात आठवड्याचे चाळीस तास : तासाला साडेचार रियाल.
पण त्यांची गाडी मी गेटवर बघतो. साठ होतात. तीन रियाल.
बायकोशी बोलताना दुसरा फोन वाजतो,
शुक्रवारी मासे साफ करताना वाजतो,
ते धरून पंच्याहत्तर : दोन रियाल चारशे.
अंश जागचा हलत नाही, खाली छेद फुगत जातो.

लियाकतनं बघितलं. "तरी साडेतीनपट," म्हणाला.
जरा जास्तच, पण मी बोललो नाही.

"तासाला कड असते हो.
एक कमी लिवलात तर मला कळतो, मी भांडतो.
वर्षातला गेला तर कुठं शोधू?"

हे मला कुठल्याच रकान्यात घालता येईना.
बाहेर टँकर मागे येत होता, बीप बीप.

"मागं मी अठ्ठावीस दिवस घरी होतो,
तुमी अठ्ठावीस शून्यं लिवलात."
"लिहिली."
"पगारात ती भरतील?"
"भरतील. सुट्टी पगारी असते."
थोडा वेळ तो पत्राच्या घड्या मोजत राहिला.
"मग पेन द्या."

आता मशीनमध्ये त्याचा नंबर नाही.
तरी रोज सुटताना रांगेत येतो,
हेल्मेट काखेत, अंगठा काचेवर.
लाल दिवा. मागची पोरं थांबतात, कुणी हसत नाही.
महिन्याच्या कागदावर ती ओळ येत नाही,
मी तक्त्याच्या बाहेर, समासात, पेन्सिलीनं टिपून ठेवतो :
हुर्जुक, सात वीस.
हुर्जुक, सात पन्नास.
काल, आठ दहा.