अठ्ठेचाळीस खांब

माहीमच्या खाडीकडे पाठ करून उभी
'मत्स्यगंधा', बी विंग.
अठ्ठेचाळीस खांब, तीन दिवस.
मी हातोडी टेकवायचे, स्प्रिंग उसळायची,
आकडा सांगायचे.
शबीर डाव्या हाताने लिहून घ्यायचा.

सातवा, मीटर बॉक्समागचा : ठीक.
एकोणिसाव्याला रेगेकाकांची सायकल साखळीने बांधलेली,
किल्ली सापडेपर्यंत चहा झाला : ठीक.
एकतिसाव्यापाशी शबीर म्हणाला, बद्द वाजतोय.
गिलावा सुटला होता नुसता.
खरवडला, पुन्हा पाहिलं. आतलं हाड खणखणीत.
प्रत्येकापुढे माझी सही,
एकही डोळे झाकून केलेली नाही.

आणि रात्री पहिल्या पानावर
मीच, त्याच पेनने :
'सर्व काळजी घेऊनही या अहवालातला
एखादा निष्कर्ष चुकीचा असू शकेल.'
असू शकेल कसलं.
बावीस वर्षांत माझा एकही अहवाल
पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर निघालेला नाही.

सभेत चेऊलकरबाई चष्मा कपाळावर सारून उठल्या.
'मॅडम, एक काय ते ठरवा.
सगळे ठीक म्हणता,
वर एखादा चुकला असेल म्हणता.
कुठला?'

तो माहीत असता
तर त्याच्यापुढे सही केली असती का?

कुणीतरी हसलं. पंखा कुरकुरत राहिला.
त्यांचा प्रश्न मात्र खरा होता,
मी घरी नेला, ताटाशी घेऊन बसले.
हातोडी सांगते, प्रत्येकावर विश्वास ठेव.
माझ्या जुन्या चुका सांगतात,
सगळ्यांवर एकदम ठेवू नकोस.
आणि तर्क, हातात पट्टी घेतलेला,
म्हणतो, हे दोन्ही एका वहीत चालायचं नाही,
एक खोड.
काय खोडू?
ज्याने काही केलं नाही अशा खांबाचं 'ठीक'?
की मी चुकते, हे वाक्य?
वही स्वच्छ करायला
कुठेतरी खोटं लिहावं लागेल.

अहवाल तसाच दिला.
जिन्यात चेऊलकरबाईंनी गाठलंच :
'तुम्ही झोपाल इथे?'
'झोपेन.'
गाढ का, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही थांबले नाही.

खाली शबीर हातोडी घेऊन उभा,
एका खांबाला टेकवून.
'कितवा रे?'
'मोजला नाही. हाताशी आला तो.'
आम्ही दोघांनी आकडा पाहिला.

ठीक होता.