पुठ्ठा

शेवेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
रोज रात्री गाडीखाली सरकवते.
पहिल्या दिवशी डाग रुपयाएवढा,
मग पुरीएवढा,
आज सकाळी आख्खी पोळी,
पोपटी, गोडसर वासाची.
मांजरानं चाटू नये म्हणून
पाणी ओतून फरशी धुतली, दोनदा.

दिगंबर म्हणतात, विकून टाक.
लोहामंडीत अठरा हजार देतायत, उभ्या उभ्या.
दुरुस्तीला बावीस.
रोग्यापेक्षा औषध महाग.
हिशोब बरोबर आहे त्यांचा.
सँट्रो घेतली तेव्हाही बरोबरच होता:
तुला गाडी कशाला, शाळेपर्यंत नगरसेवा जाते की.
मी पतपेढीतून कर्ज काढलं
आणि पेढे घेऊनच घरी आले.

मागच्या मे महिन्यात
सिमरोलच्या घाटात काटा लाल रेघेला टेकला.
पुढे ट्रक, मागे ट्रक,
थांबायला वीतभर जागा नाही.
नासिरभाईंचं कधीचं बोलणं आठवलं,
हीटर चला देना दीदी, फुल पे.
इंजन की थोड़ी आफत अपने ऊपर ले लो.
चव्वेचाळीस डिग्रीत हीटर लावला.
काचा खाली.
मागच्या सीटवर मधुरा, डोक्यावर ओली ओढणी,
आई, तुला वेड लागलंय का!
घाट उतरेपर्यंत आम्ही तिघी
धापा टाकत, निथळत.
काटा केसभर खाली आला.
केसभरच.
दिगंबर ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगतात.
सगळे हसतात. मीही पाणी आणायला उठते.

छावणीत नासिरभाई बॉनेट उघडून उभे.
रेडिएटरला हात लावू देत नाहीत,
अभी गरम है, अभी इससे बात मत करो.
बाकावर बसवतात, कट चहा मागवतात.
त्यांचा पोऱ्या माझ्या डोळ्यांदेखत
कुठल्यातरी झेनचं दार उचलून नेतो,
नुसतं दार, काच अर्धी खाली असलेलं.

मग तेलाचं झाकण फिरवतात.
तेल काळं निघालं तर नुसता पंप गेलाय,
बावीसही लागणार नाहीत.
दुधाळ निघालं, या चहासारखं,
तर पाणी आत शिरलंय.
फिर मैं ही मना कर दूँगा, दीदी.

झाकणाच्या आतून बोट फिरवून
ते उन्हात धरतात, माझ्याकडे वळवून.

चष्मा पर्समध्ये आहे.
काढते,
एवढा चहा संपू दे.