शेरा

हातनूरच्या मागच्या पाण्यावर, पौषातल्या सकाळी सव्वासहाला
उखर्डू भोई आम्हाला केशरी जॅकेटं वाटतो.
माझ्या जॅकेटाचा पट्टा तुटलेला. तो सुतळी ओवतो,
जाळ्याला मारतात तशी गाठ मारतो,
डावीकडून काहीतरी म्हणतो. मी नुसतीच हसते.

फळीवर लिहिलंय: पाऊलवाट, मचाण, नौका.
खाली कुणीतरी कोळशानं भर घातली आहे: डास.

पाऊलवाट म्हणजे केळीच्या बागेचा बांध संपतो तिथून पुढे
पाय विचारून टाकायची जागा.
वर तडकलेलं, खाली लोण्यासारखं.
बेशरमीची जांभळी फुलं, पाणकणसांची तपकिरी बोंडं,
आणि चिखलात शेकाट्यांची अक्षरं,
एकेक ओळ सोडून लिहिल्यासारखी.
माझी एक चप्पल गाळानं ठेवून घेतली.
हात घालून काढली, तर कोपरापर्यंत ऊब,
वर एवढा गारठा असून.

माझ्याकडे गणतीचा तक्ता.
भुसावळच्या पार्सल ऑफिसात बावीस वर्षं
नग मोजले, चिठ्ठ्या चिकटवल्या;
हाताला सवय आहे.
चक्रवाक चौदा.
थापट्या साठ, की सत्तर, उडाले की पुन्हा पहिल्यापासून.
जांभळी पाणकोंबडी नऊ, आणि एक, जी त्या नऊमधलीच असेल.
थापट्याला उखर्डू सूपतोंड्या म्हणतो,
पाणी पाखडून खातो म्हणून.
तक्त्यात या नावाला रकाना नाही.

कमळपक्षी पानावरून चालतो
तितकंच सोपं असेल वल्हं, असं वाटलं होतं.
डोंगा गोल फिरला. पुन्हा गोल.
मागच्या डोंग्यातली मुलं हसली, पाणकावळ्यानंही मान वळवली.
"पान्याले ढकलू नका, ताई," उखर्डू म्हणाला,
"त्याले नुसतं सांगा."

त्याचं नाव असं का, ते मी विचारलं.
"आधीचे तीन गेले. मंग मायनं मले उखर्ड्यावर टाकलं,
आत्यानं उचललं. टाकलेल्याले कोन नेतं?"
नाव वळवता वळवता बोलला हे.
लांब दीपनगरच्या चिमण्या धुक्यात उभ्या,
पुलावरून मालगाडी चालली होती.
वाघिणी मी मोजल्या नाहीत.

तापी आणि पूर्णा, दोघी इथं येऊन दमतात.
वरच्या गावांची माती, मुळं, चिंध्या, कुणाकुणाचे नारळ,
आणलेलं सगळं इथंच ओततात,
आणि त्या ढिगावर बघावं तिकडे बिऱ्हाडं,
अंडी, भांडणं, पिसं.

पाणमांजर दिसेल का, मी विचारलं.
"डोयानं नाही भेटत ते. कानानं पाहा."

माझा डावा कान बारा वर्षांपूर्वी गेला.
कुणाला सांगत नाही. माणसं उजवीकडे ठेवते, एवढंच.
पाणकणसं डावीकडे होती.
उखर्डूनं काही विचारलं नाही.
वल्हं पाण्यात उभं धरलं, आणि डोंगा
हळूच, पूर्ण, उलटा फिरवला.

वल्ह्यावरून पाणी ठिबकत होतं. ते थांबलं.
मग आतून, कणसांच्या पायाशी, शीळ.
बारीक, घाईची.
आणि दाराबाहेरून हाक यावी, घरातून कुणी ओ द्यावी
तशी दुसरी.
एक कणीस हललं. वारा नव्हता.
बस.

तक्त्यात "दिसले" असा रकाना आहे.
"ऐकू आले" असा नाही.
शेऱ्यात लिहायला गेले, तर माझ्याच अंगठ्याचा चिखल
तिथं आधीच उमटलेला.
तक्ता तसाच दिला.

काठावर कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत.
उखर्डू माझ्या उजवीकडे येऊन बसला, जेवेपर्यंत काही बोलला नाही.

घरी येऊन चप्पल कढीपत्त्याच्या कुंडीत झटकली.
नवव्या दिवशी काहीतरी वर आलं, दोन पानांचं.
नाव माहीत नाही.
कढीपत्त्याला घालते त्यातलंच पाणी त्यालाही घालते.