एकोणीस ठिपके

कोल्हापूरचा डीलर दर महिन्याला फोन करतो.
एकसष्ट मेगापिक्सेल, म्हणतो, शेठ,
जेटीवरून काढा आणि नांगरलेल्या होडीवरचं नाव वाचा,
शेजारच्या खिळ्याचा गंजसुद्धा.
मी म्हणतो, वेंगुर्ल्यात होडीचं नाव वाचावं लागत नाही,
रंगावरून कळतं कुणाची.
तो हसतो. हप्ता सांगतो.

खोटं कशाला,
भाच्याने आणलेला एकदा हातात घेतला होता.
बाजारातल्या इसवणीचा फोटो मोठा मोठा करत नेला
तर तिच्या डोळ्यात मी दिसलो,
कॅमेऱ्यामागे, एक डोळा मिटलेला,
आणि माझ्यामागे कुणाची तरी छत्री,
आणि छत्रीची मोडकी काडी.
रात्रभर झोप नाही.

पण माझं गिऱ्हाईक?
नवरीची आई म्हणते, हनुवटीवरची पुळी तेवढी काढा.
सहा कोटी ठिपके विकत घ्यायचे
आणि बसायचं त्यातले नको ते पुसत,
लाईट जाईपर्यंत.
मग तोच फोटो अंगठ्याएवढा होऊन मस्कतला जातो,
कुणीतरी जेवता जेवता बघतं,
डाव्या हाताने पुढे ढकलतं.

इथली हवा तर मेगापिक्सेल मोजतच नाही.
लेन्सला बुरशी धरते, नखाएवढी, नक्षीदार.
तांदळाच्या डब्यात ठेवतो लेन्सा,
बायको भात लावताना हात घालते
आणि माझ्या धंद्याचा उद्धार करते.

तर माझं ठरलेलं होतं. नको.

मग जानेवारीत द्वारका कुबल आली,
स्टुडिओच्या दाराबाहेर चपला काढून.
नवरा सगुण, जनरेटरवाला. त्याला जाऊन वर्ष होत आलेलं.
वीस वर्षं प्रत्येक मांडवामागे,
माडाखाली, डिझेलच्या वासात, हँडल मारत उभा.
त्याच्या उजेडात मी किती लग्नं काढली, हिशेब नाही.
त्याचा फोटो?
“आधारावरचो आसा,” ती म्हणाली,
“पण तो तेंचो वाटणा नाय.”

जुन्या डिस्क काढल्या. दोन हजार सात, सहा मेगापिक्सेल.
उभादांड्याचं एक लग्न, वऱ्हाड ओळीने हसतंय,
आणि मागे कनातीच्या फटीत कुणीतरी.
मोठं केलं. आणखी.
चेहरा रुंदीला एकोणीस ठिपके.
मी मोजले, तिच्या समोर, पडद्याला बोट लावून.
डोळ्यांना दोन दोन, तोंडाला तीन,
बाकी सगळा जांभ्याचे चिरे रचल्यासारखा.
त्या क्षणी डीलरचे सगळे एकसष्ट
मला हवे होते, मागच्या तारखेने.

“मागे घे,” ती म्हणाली.
लहान केला. अजून, म्हणाली. अजून.
काडेपेटीएवढा झाला
तेव्हा तिने काउंटरवर कोपर टेकलं.
“हे तेच. डाव्या पायार भार टाकून
असेच उभे रवत.”
मी फ्रेमच्या मापाचं बोलायला लागलो.
“मोठो नको. आसा तेवढोच काढ.”

काढला. पैसे तिने मोजून दिले.
मी घेतले, न घेणं तिला आवडलं नसतं.

डीलर अजून फोन करतो. मी अजून नाही म्हटलेलं नाही.
परवा रेडीच्या लग्नात मुहूर्ताआधी
कनात उचलून मागे गेलो.
सोलकढीच्या पिंपाशी एक पोरगा
आडाळ्यावर नारळ खवत बसलेला,
खोबरं थेट भुवईपर्यंत उडालेलं.
जुनाच कॅमेरा. चार पावलं जवळ गेलो, मग पाचवं,
तेव्हा कुठे चौकट त्याने भरली.
“माजो कित्याक?” तो म्हणाला.
“हलू नको,” मी म्हटलं,
आणि माडाखाली कुणीतरी हँडल मारलं.