ळ काढून पाहताना

बाटली हलवायची नाही, फेस येतो, ऋजुता सांगते.
नुसती उलटी करायची, मग सुलटी,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशी.
तळाशी बसलेली चमकी उठते
आणि निळ्या शाईत
धुरकट सोनं फिरायला लागतं.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
तपासणी खात्यात.
शाई काय असते ते मला कुणी शिकवू नये,
असं मनात म्हणतो
आणि सांगितल्याप्रमाणे बाटली उलटी धरतो.

तेव्हा शाई फक्त बघायची.
ताव समोर आला की डोळा डावीकडून उजवीकडे, वरून खाली,
कुठे डाग, कुठे पुसट, कुठे रेघ केसभर सरकलेली.
सापडलं की ताव बाजूला.
चांगलं काय छापलंय ते बघायचा पगार नव्हता.
सुटी झाली की दाराशी हात वर करून उभं राहायचं,
खिसे, डबा, डब्याचं झाकण.
माझ्या नखांत कधी काही सापडलं नाही.

ऋजुता आहेर खालच्या मजल्यावर राहते, चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला.
तिच्याकडे अकरा शाया,
इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांत, वर चिकटपट्टी.
नांदूर-मधमेश्वरला जाऊन आल्यापासून
एकच जांभळी पाणकोंबडी काढतेय, सतराव्यांदा.
ती जांभळी नाहीचे काका, म्हणते,
मान वळवली की हिरवी होते, आणि मी मान काढते तेव्हा ती वळत नाही.
मग कागद खिडकीशी नेऊन स्वतःच तिरका करते.
वळली.

माझं पेन निरोप समारंभातलं.
आठ वर्षं मखमली डबीत, शाई न चाखता.
दोन ओळींतच त्याची जीभ अडकली.
रविवार कारंजावरच्या हुसेनीभाईंनी ते उघडलं, हुंगलं,
चमकी पाजता होय?
मग रोज अंघोळ घाला त्याला, माणसासारखी.

आता लिहायचं काय?
हात आपोआप आकडे काढू लागला,
तीन अक्षरं, सहा आकडे. थांबवला.
पत्र कुणाला लिहू? सगळे फोनवर आहेत.
मंदा आतून ओरडली, यादी तरी करा वाण्याची.

तांदूळ.
गूळ.
तीळ.
मूगडाळ.

शिरोरेघेवर काही नाही, ती कोरडी, निळी, सरळ.
पण ळ च्या दोन्ही पोटांत शाई साचली,
वाळता वाळता कडेला सरकली
आणि कडेवर बारीक सोन्याची मेंढ उभी राहिली,
वाफ्यातलं पाणी आटल्यावर गाळाची राहते तशी.
चार ळ. एकासारखा दुसरा नाही.
तीळचा तर फुटलेलाच, शेपूट खालच्या ओळीत.
तिथे असतो तर चारही बाद.
अख्खा ताव बाद.
मी चष्मा काढून पुसला
आणि तीळ पुन्हा लिहिलं, गरज नसताना.

रात्री निब धुतली.
स्टीलच्या वाटीत पाणी आधी निळं, मग फिकट,
मग नुसतं चकचकणारं.
मोरीत ओतताना हात थबकला,
या थेंबांचा हिशोब कुठल्या वहीत?
बोटांना सोनं तसंच.
दिवा घालवायला दाराशी आलो
आणि दोन्ही हात वर करून क्षणभर उभा राहिलो.
कुणी आलं नाही.

सकाळी जेलरोडवर, देवचंदच्या दुकानात,
त्याने यादी वाचली,
मग ट्यूबच्या उजेडात धरली, तिरकी केली,
अंगठा फिरवला, पुन्हा तिरकी केली,
पाचशेची नोट बघतो अगदी तशी.
मागे दोन बायका खोळंबल्या.
काउंटरच्या अलीकडे मी पहिल्यांदाच उभा.
खरी आहे, मी म्हणालो.
आणि गूळ चिक्कीचा नको, साधा दे.